तालमीतील चित्रीकरण: ऑटो एक्स्पोजर ठेवावे की बंद करावे?

प्रश्न
नमस्कार. कोल्हापुरात आमच्या पेठेतील एका तालमीत पहाटेच्या मेहनतीचे चित्रीकरण करीत आहे. हौद्यावर (कुस्तीच्या मातीवर) जुन्या चोकची एक ट्यूबलाइट आणि पूर्वेला एक झरोका, एवढाच उजेड. कॅमेरा ऑटोवर, म्हणजे उजेड आपोआप ठरवण्यावर, असताना पांढरा सदरा व फेटा घातलेले वस्ताद समोर आले, की मल्ल आणि लाल माती काळवंडते. ते बाजूला सरताच चित्र पुन्हा उजळते आणि हा हेलकावा संकलनात काही केल्या झाकत नाही. झरोक्यातून ऊन आले की मागच्या भिंतीवर आडवे पट्टेही सरकतात. हातातला लाइट मीटर घ्यावा का? पुढे खासबाग या कुस्तीच्या मैदानातही काम आहे.

उत्तर १
कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परतणारा उजेड मोजतो आणि समोरचे दृश्य सरासरीने 18 टक्के करड्या रंगाइतके आहे असे धरून चालतो. त्यामुळे चौकटीत पांढरे वाढले की तो उजेड कमी करतो. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतील एका ठिपक्यापुरताच उजेड मोजल्याने, हे टळेल असे वाटते, पण झोंबी चालू असताना तो ठिपका मल्लाच्या पाठीवरून भिंतीवर कधी घसरेल याचा नेम नाही. सरळ मॅन्युअलवर जावे, म्हणजे सगळे हाताने ठरवावे. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. ऊन येताच ऑटो शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) 1/250 सेकंद वगैरे वेगावर जातो आणि पट्टे उमटतात. सेकंदाला 25 फ्रेम असताना शटर 1/50 पक्का करावा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये पुरत्या दोन लुकलुकी मावतात, मग अॅपर्चर (भिंगाचे छिद्र) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ठरवून त्यांना हात लावू नये. झेब्रा, म्हणजे ठरावीक उजळपणाच्या भागावर पडद्यात दिसणाऱ्या रेघा, 70 टक्क्यांवर ठेवून तो चेहऱ्यावर आणावा असे सर्रास सांगतात, पण तो हिशेब गोऱ्या कातडीचा आहे. मातीने माखलेला सावळा मल्ल त्याने फिका पडतो. मी 50 ते 55 धरतो.

उत्तर २
हातातला मीटर अंगावर पडणारा उजेड मोजतो, म्हणून पांढऱ्या फेट्याने तो फसत नाही; तरी एका तालमीसाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो. खासबाग उघडे मैदान आहे. भर उन्हात आयएसओ 100 आणि शटर 1/50 ठेवल्यास अॅपर्चर एफ/22 इतके लहान होईपर्यंत मिटावे लागते. एफ/4 इतके मोठे हवे असेल, तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) अडवणारा एनडी 32 हा भिंगापुढचा काळसर फिल्टर घ्यावा. पैसे तिथे घालावेत.

प्रश्नकर्ता
आज पहाटे मॅन्युअलवर करून पाहिले. वस्ताद तीनदा समोरून गेले, माती लालच राहिली आणि पट्टेही गेले. झरोका मात्र पांढराफटक येतो, म्हणून उद्या कॅमेरा त्याच भिंतीला पाठ लावून उभा करणार आहे.