दार्जिलिंगचा पत्ती चहा उकळल्यावर कडवट का लागतो?

प्रश्न (सांगली)
नमस्कार. आमच्या घरी दाणेदार चहाच होतो. दूध, पाणी, साखर, आले आणि चहा पावडर एकत्र घालून चांगला खळखळून उकळतो. सिलिगुडीला नोकरीस असलेल्या मेहुण्यांनी दार्जिलिंगचा अख्ख्या पानांचा चहा पाठवला असून त्यावर ‘सेकंड फ्लश’ असे छापले आहे. तो याच रीतीने केला असता रंग मळकट येतो, जीभ आखडते आणि ज्या सुगंधाची एवढी ख्याती आहे तो जाणवतच नाही. योग्य प्रमाण काय आणि आसामच्या पत्तीलाही तेच लागू पडते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (सातारा)
दाणेदार, म्हणजेच सीटीसी चहात पान दातेरी रुळांमधून चिरडले व फाडले जाते, त्यामुळे त्याचा अर्क पाण्यात झटकन उतरतो आणि दूध-साखरेपुढेही टिकून राहतो. ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात सुरू झाली. आपल्याकडे आलेली पत्ती ऑर्थोडॉक्स पद्धतीची असणार. त्यात पान कोमेजू देतात, वळतात, दमट हवेत तांबूस होईपर्यंत ठेवतात आणि मग वाळवतात. असे पान सावकाश उलगडते. ते उकळत ठेवले, तर सुगंध वाफेबरोबर उडून जातो आणि मागे तुरटपणा तेवढा उरतो.

पाण्याला उकळी फुटताच गॅस बंद करावा, २०० मिलिलिटरला २ ते अडीच ग्रॅम पत्ती घालून झाकण ठेवावे आणि ३ ते ४ मिनिटांनी सगळा चहा गाळून घ्यावा. पाने त्यात राहू दिली तर कडवटपणा वाढतच जातो. अख्खी पाने फुगीर असतात, म्हणून चमच्याच्या मापावर विसंबू नये, वजनकाटा वापरावा. पहिला कप कृपया कोराच घ्यावा, कारण दुधातील प्रथिने चहातील तुरट घटकांना बांधून ठेवतात आणि दार्जिलिंगची नाजूक चव त्यात बुडून जाते.

उत्तर (तासगाव)
सुगंधाविषयी थोडे लिहितो. सेकंड फ्लश म्हणजे मे-जूनमधील दुसरी तोडणी. तिच्या गंधाला मस्कटेल म्हणतात, तो मस्कट जातीच्या द्राक्षांवरून. आपल्या थॉमसन किंवा सोनाका द्राक्षांना तो गंध नसतो, त्यामुळे तासगावची द्राक्षे डोळ्यांपुढे ठेवून चहा प्यायल्यास निराशा होईल. ज्या तुडतुड्यांवर आम्ही बागायतदार फवारण्या करतो, त्यांच्याच जातकुळीतील कीड तिथे कोवळ्या पानांतला रस शोषते. त्याला तोंड देताना झुडूप जी द्रव्ये तयार करते, त्यांतून हा गंध येतो. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

उत्तर (सांगली)
आसामचे झुडूप मूळचे तिथलेच, रुंद पानांचे. दार्जिलिंगला मात्र १८४१ मध्ये तिथले ब्रिटिश अधिकारी डॉ. आर्चिबाल्ड कॅम्बेल यांनी चिनी जातीचे बी लावले. म्हणून आसामची ऑर्थोडॉक्स पत्ती ४-५ मिनिटे मुरवली तरी चालते, आणि गाळल्यावर वरून गरम दूध घातले तरी तिचा दाटपणा जात नाही.

पाणीही पाहावे. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग धरतो आणि रंग काळवंडतो. पिण्यासाठी गाळलेले, ताजे पाणी घ्यावे व तेच तेच पाणी पुन्हा उकळू नये.

प्रश्नकर्ता (सांगली)
सर्वांचे मनापासून आभार. गाळलेली पाने पुन्हा वापरता येतात का?

उत्तर (सातारा)
लगेच वापरल्यास येतात. दुसऱ्या वेळी मिनिटभर जास्त ठेवावे. चव सौम्य उतरेल. ओली पाने रात्रभर ठेवून मात्र वापरू नयेत.