तापट घोडी, हौशी स्वार आणि तो एक गोल

रिकीब

काल या फोरमवर कुणीतरी घोड्यांच्या जंपिंग स्पर्धेचा एक व्हिडिओ टाकला. एक मीटर उंच जंपांचा क्लास, हौशी स्वार, तांबूस घोडी. घंटा व्हायच्या आधीपासून घोडी तिरकी चालतेय, शेपटी झाडतेय. चौथा जंप झाल्यावर मान वर काढून पळतच सुटते. स्वार पाचव्याकडे न जाता तिला एक पूर्ण गोल फिरवते आणि मग जंप घेते. शेवटच्या जंपला एक पोल पडतो. व्हिडिओवरची ओळ अशी: 'घोडा आवरत नसेल तर घरी बसा. आयोजकांनी हौशी लोकांना असल्या घोड्यांवर प्रवेशच देऊ नये.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

त्या गोलाला हसलात, पण त्या राउंडमधली सर्वांत चांगली स्वारी तीच होती. आपलाच माग ओलांडला की चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण, लागतात, घड्याळ चालूच राहतं, आणि त्यानंतर एक जरी रिफ्यूजल झालं, म्हणजे घोडा जंपसमोर अडला, की बाहेर. एवढं ठाऊक असून तिने तो घेतला. पुढे ऑक्सर होता, म्हणजे एकामागे एक पोल असलेला रुंद जंप. घोडीची पाठ पोकळ झालेली, डोकं आभाळात, आणि साडेतीन मीटरची ढांग बघता बघता चारच्या वर गेलेली. अशा अवस्थेत ऑक्सरवर गेलं की घोडा एकतर फार लांबून उडतो, नाहीतर पार बुडाशी जाऊन पोलांत पाय घालतो. स्पर्धेच्या मध्यावर, सगळे बघत असताना, चार फॉल्ट पदरात घेऊन 'आत्ता नाही' म्हणायला मांड लागते आणि डोकंही लागतं.

मी तो गोल एकदा घेतला नव्हता, म्हणून सांगते. माझीही घोडी तापट आहे, अकरा वर्षांची. नोकरी सांभाळून आठवड्यातून चारदा रपेट होते. दोन वर्षांपूर्वी अशाच ऑक्सरआधी ती सुटली आणि मला चार फॉल्ट नको होते. तिने एक ढांग आधी उडी मारली. मागचा पोल सेफ्टी कपमध्ये, म्हणजे धक्का लागताच सुटणाऱ्या आधारावर, होता म्हणून लगेच खाली आला आणि ती पायांवर राहिली. मी राहिले नाही. गळ्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर तीन महिने ती प्रत्येक ऑक्सरसमोर थरथरत उभी राहायची. हाड दीड महिन्यात जुळलं होतं.

प्रवेश नाकारा म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: तापट घोड्याने स्पर्धेचं मैदान शिकायचं कुठे?

कँटर_संथ

मी वीस वर्षं शिकवतोय. गोल बरोबर होता, त्यावर वाद नाही. पण गोल घ्यायची वेळ का आली? पहिले तीन जंप पुन्हा बघा. हात मांडीत रुतलेले, कोपर कुलूपबंद, दोन्ही रेन्सना, म्हणजे लगामाच्या पट्ट्यांना, सतत ओढ. घोडा ओढीच्या विरुद्ध ओढतो, आणि तो पाचशे-साडेपाचशे किलोचा आहे. त्या रस्सीखेचीत माणूस जिंकत नाही. घोडी चौथ्यानंतर सुटली असं तुम्ही लिहिलंत. ती पहिल्या ढांगेपासून सुटायची वाट शोधत होती, आणि ती वाट तिला स्वाराच्या हातांनी दाखवली.

बंदी नको. पण हिला ऐंशी सेंटिमीटरमध्ये उतरवणं हे तिच्या कोचचं काम होतं. मी माझ्या विद्यार्थ्याला असा एक मीटरमध्ये सोडला नसता.

तोबरा

सगळे हात आणि मांड बोलताहेत. ती घोडी तबेल्यात किती तास उभी असते, हे कुणी विचारलं का?

घोडा मोकळा असला की दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. आपण त्याला बारा फुटी खोलीत कोंडतो, दोनदा गवत टाकतो, वर 'ताकद यावी' म्हणून ओट्स चढवतो आणि मग घोडा तापट आहे म्हणतो. खोगीर कसताना दात दाखवणारे, पोटाला हात लावला की दुगाण्या झाडणारे घोडे मी आयुष्यभर सांभाळले. त्यांतल्या कितीतरी घोड्यांचं दुखणं पोटात होतं. एका घोड्याला तर 'वेडा' म्हणून विकायला काढलं होतं. गवत दिवसभर समोर ठेवलं, दाणा निम्मा केला, रोज चार तास मोकळं सोडलं, डॉक्टरांनी अल्सरचं औषध दिलं. दोन महिन्यांत तोच घोडा लहान मुलांना पाठीवर घेऊन फिरत होता.

लाल_फीत

मला त्या व्हिडिओतलं शेवटचं काही सेकंदांचं दृश्य खुपलं, जे कुणीच बघितलं नाही. मागे वॉर्म-अपचं मैदान दिसतं. एवढ्याशा जागेत दहा-बारा घोडे, दोन सरावाचे जंप, आणि कोच मंडळी मधोमध उभी राहून पोल वर-खाली करताहेत. तापट घोडा मुख्य मैदानात बिघडत नाही, तो तिथे बिघडतो. आत येतो तेव्हा तो आधीच भाजून निघालेला असतो.

समोरून येणाऱ्याला ओलांडताना डावा खांदा डाव्या खांद्यासमोर, हे कुणी पाळत नाही. चालणाऱ्याने आतला पट्टा घ्यायचा, हे कुणी पाळत नाही. लाल झेंडा उजवीकडे राहील त्याच दिशेने जंप घ्यायचा, तरी कुणीतरी उलटा येतोच. माझा घोडा मागून कुणी जवळ आलं की लाथ मारतो. म्हणून त्याच्या शेपटीला लाल फीत असते, माझं इथलं नावही तेच. तरी गेल्या हंगामात एक मुलगा चौखूर मागे येऊन चिकटला. लाथ बसली. आणि बोल कुणाला? मला!

कँटर_संथ

बोल तुम्हालाच बसायला हवा होता. फीत ही सूचना आहे, परवाना नाही. लाथ मारणारा घोडा गर्दीत आणायचा आणि शेपटीला फीत बांधून जबाबदारी बाकीच्यांवर टाकायची, हे चालणार नाही. तुम्ही कडेला थांबा, गर्दी कमी झाल्यावर या.

लाल_फीत

कडेलाच होते मी! आणि गर्दी कमी कधी होते? क्रमांक लागायला दहा घोडे उरले की आत जावंच लागतं. तुमच्यासारखे कोच जंपपाशी पाय रोवून उभे असतात आणि आपल्याच विद्यार्थ्याला 'पुन्हा ये, पुन्हा ये' ओरडतात. एका विद्यार्थ्याचे वीस जंप होतात, बाकीच्यांना दोनसुद्धा मिळत नाहीत. तापट घोड्याला वॉर्म-अपमध्ये सहा-आठ शांत जंप पुरतात. ते सहाही शांततेत मिळत नाहीत.

पालक_एक

मी आत्तापर्यंत फक्त वाचत होते. पण हे वाचून हात थरथरताहेत. माझ्या मुलीला वॉर्म-अपमध्ये अशीच लाथ बसली. नडगी मोडली, दोन ऑपरेशन झाली. ती बारा वर्षांची होती. फीत तिला दिसली नाही, कारण फितीचा घोडा वळून तिच्यासमोर आला होता. त्या स्वाराने नंतर साधी विचारपूसही केली नाही. तुमचा घोडा शिकतोय, ठीक. माझ्या मुलीच्या पायावर शिकायचं का त्याने?

लाल_फीत

मुलीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मी ती नाही. मी त्या मुलाच्या घरी दोनदा गेले होते. त्याला मुका मार होता, हाड वाचलं. तुम्ही दुसऱ्या कुणाचा राग माझ्यावर काढताय.

पालक_एक

असेल. राग जात नाही, काय करू? माझं म्हणणं तरी तेच राहील: ज्याला आपल्या घोड्याची खात्री नाही, त्याने बाकीच्यांमध्ये येऊ नये. रिकीबताईंचा प्रश्न आहे ना, 'शिकायचं कुठे'? रिकाम्या मैदानावर.

रिकीब

पालकताई, रिकाम्या मैदानावर माझी घोडी कोकरू असते. तिथे शिकण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिला बुजवतात ते भोंगे, फडफडणारे झेंडे, पलीकडून खिंकाळणारा अनोळखी घोडा. घोड्याला स्वतःभोवती जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसतं, फक्त नाकासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा सोडून. म्हणजे आपण एक जंप बघत असतो तेव्हा ती पूर्ण मैदान बघत असते. त्याची सवय मैदानावरच होते.

पंच_बसलेला

मी पंचांच्या खोलीत बरीच वर्षं बसतो, म्हणून नियमांपुरतं बोलतो. घोडा उत्साही आहे म्हणून कुणाला बाहेर काढता येत नाही आणि काढूही नये. क्रूरता दिसली तर काढता येतं. चाबूक लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा चालला, बरगडीवर टाचेच्या काट्याचं रक्त दिसलं, तर आम्ही उठतो. त्या व्हिडिओत यातलं काही नाही. घंटेनंतर पंचेचाळीस सेकंद मिळतात. तिने त्यातले बहुतेक घोडीला चालवण्यात घालवले, जंपांजवळून नेलं, श्वास घेऊ दिला. घाबरलेली माणसं घंटा झाली की लगेच सुटतात.

खरा त्रास कशाचा होतो, ते सांगतो. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमधली मॉडर्न पेंटॅथलॉन आठवा, पाच खेळांची ती स्पर्धा, ज्यात घोड्यावरून जंपही घ्यायचे असत. अ‍ॅनिका श्लॉय आघाडीवर होती. चिठ्ठीत सेंट बॉय नावाचा घोडा आला आणि ओळख करून घ्यायला मिळाली वीस मिनिटं. तोच घोडा आधी दुसऱ्या स्वारासोबत अडला होता. श्लॉय खोगिरावर रडत होती, चाबूक चालवत होती, बाहेरून कोच जोरात मार म्हणून ओरडत होती. त्या कोचने घोड्याला मूठ मारली म्हणून तिला स्पर्धेतून काढलं. श्लॉय एकतिसावी आली, आणि पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडाच गेला. तिथे अनोळखी घोडा आणि मागे न फिरण्याची सक्ती होती. इथे स्वार आपल्या घोडीला ओळखते आणि चार फॉल्ट घेऊन मागे फिरते. या दोन गोष्टी एका मापात घालू नका.

कँटर_संथ

पंचसाहेब, उदाहरण तुम्ही दिलंत, निष्कर्ष मी काढतो: घोडा आणि स्वार यांचा मेळ नसेल तर दोघांचे हाल होतात. मीही तेच म्हणतोय.

रिकीब

मेळ बसायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं बघणाऱ्याला कुरूप दिसतात. जापलू घ्या. जेमतेम १५८ सेंटिमीटरचा काळा घोडा. त्याचा स्वार पिएर द्युराँ पेशाने कायद्याच्या क्षेत्रातला. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला जापलू अडला, द्युराँ खाली आला आणि घोडा लगाम काढून निघून गेला, सगळ्या जगासमोर. त्या दिवशी व्हिडिओवर ओळ टाकायची सोय असती तर 'घरी बसा' हेच लिहिलं असतं लोकांनी. चार वर्षांनी सोलला त्याच जोडीने वैयक्तिक सुवर्ण घेतलं.

आणि हाला? १९५६, स्टॉकहोमचं ऑलिंपिक. अतिशय तापट घोडी, आधी कितीजणांनी तिच्यापुढे हात टेकले होते. पहिल्या राउंडमध्ये तिच्या स्वाराच्या, विंकलरच्या, जांघेचा स्नायू फाटला. दुसऱ्या राउंडमध्ये तो वेदनेने कळवळत जेमतेम बसून होता, आणि तिने त्याला एकही पोल न पाडता पार नेलं.

कँटर_संथ

विंकलर त्याआधी दोनदा जगज्जेता झाला होता. तो हौशी नव्हता, आणि हालाला घडवायला त्याने वर्षं दिली होती. द्युराँही हौशी नावालाच. अशी नावं सांगून दर रविवारी कुणीतरी स्वतःच्या कुवतीबाहेरचा घोडा घेतो. मी अशा तिघांना हॉस्पिटलात भेटून आलोय. त्यांतला एक पुन्हा खोगिरावर बसला नाही. त्याला तो घोडा मीच घेऊ दिला होता. म्हणून बोलतोय, उगाच नाही.

तोबरा

हे आधी सांगायचं होतं, कोचसाहेब. एवढ्या वेळात पहिल्यांदा तुमचं म्हणणं मला कळलं.

रिकीब

मलाही. मग मीही एक गोष्ट कबूल करते, आवडत नसली तरी. हात कुलूपबंद होते. व्हिडिओ आज पुन्हा हळू करून बघितला. दुसऱ्या जंपच्या उतरणीवर ती रेन्स सोडतच नाही, घोडीला मान लांबवायला जागा मिळत नाही. ऐंशी सेंटिमीटरला ती चूक तिला परवडली असती, एक मीटरला महाग पडली. पण प्रवेश नाकारा हे मी मानणार नाही.

कँटर_संथ

नाकारा असं मी एकदाही म्हटलं नाही. आणि तो गोल मी उद्या माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे. पहिले तीन जंपही दाखवीन.

लाल_फीत

वॉर्म-अपबद्दल कुणीच काही करणार नाही ना?

पंच_बसलेला

पुढच्या वेळी आत येणाऱ्या घोड्यांची संख्या ठरवून द्यायला आणि दरवाज्यावर एक माणूस ठेवायला सांगतो. एका वेळी सहा. कोचही तेवढेच.

पालक_एक

सहासुद्धा जास्त आहेत. पण ठेवा. आणि फितीच्या घोड्यांना पहिले क्रमांक द्या, मैदान रिकामं असताना.

लाल_फीत

हे मला चालेल. पहाटे चारला उठावं लागलं तरी.