बीम बंद असतानाही थंडावा हवाच

कणांच्या टकरींतून निघणारे कण टिपणाऱ्या सिलिकॉन डिटेक्टरमध्ये किरणोत्सारामुळे गळती प्रवाह (सिग्नल नसतानाही वाहणारा नको असलेला प्रवाह) वाढतो, म्हणून तो फक्त चालू असताना थंड ठेवायचा, असं काही जण म्हणतात. ते अर्धंच बरोबर आहे. तापमान वाढलं की हा प्रवाह साधारण दर 7-8 अंशांना दुप्पट होतो, पण थंडाव्याने तो आटोक्यात येतो. खरी डोकेदुखी किरणोत्साराच्या माऱ्याने स्फटिकात जागा सोडलेल्या अणूंची. खोलीच्या तापमानाला हे दोष सरकतात, एकमेकांशी जुळतात. सुरुवातीचे काही दिवस नुकसान थोडं भरून निघतं, मग डिप्लीशन व्होल्टेज (सेन्सर पूर्ण जाडीभर काम करायला लागणारं व्होल्टेज) चढतच जातं. म्हणून एलएचसी या सर्नच्या कण-त्वरकावरचे सिलिकॉन ट्रॅकर (कणांचा मार्ग टिपणारे डिटेक्टर) कणांचा झोत, म्हणजे बीम, बंद असतानाही शक्यतो थंडच ठेवतात.

मारा फारच वाढला की वाहक (सिग्नल वाहून नेणारे विद्युतभार) वाटेतच अडकतात आणि नुसतं व्होल्टेज वाढवून पूर्ण सिग्नल परत येत नाही. तिथे वाटच छोटी करावी लागते: पातळ सेन्सर, नाहीतर सिलिकॉनमध्ये उभे इलेक्ट्रोड घातलेले थ्रीडी सेन्सर. एलएचसीवरच्या अ‍ॅटलास प्रयोगात 2014 साली बसवलेल्या आयबीएल या सगळ्यात आतल्या थरात असे थ्रीडी सेन्सर आहेत.