सेमीफायनल हरलो म्हणून कोचला काढायचं? नशीब किती, कसब किती

भुसावळ_१०

गेल्या आठवड्यात आमच्या फुटबॉल क्लबच्या कमिटीने कोच सरांना काढलं. कारण एकच, सेमीफायनल पेनल्टीवर हरलो. ती मॅच मी साइडलाइनला वही घेऊन बसून पाहिली आहे. आमच्या पोरांनी गोलसमोरच्या बॉक्सच्या आतून अकरा शॉट मारले, समोरच्यांनी तीन. मॅच सुटली १-१. त्यांचा गोल कसा झाला ते सांगतो. लांबून मारलेला साधा ग्राउंडर, आमचा गोली गुडघा टेकून बरोबर जागेवर. मैदानात जिथे मांडवाचा खांब रोवला होता तिथली माती नीट दाबलेली नव्हती. बॉल तिथे टप्पा खाऊन उडाला आणि त्याच्या खांद्यावरून आत गेला. यात कोचचं काय चुकलं?

कमिटीतले काका म्हणाले, "आम्हाला निकाल पाहिजे." मलाही पाहिजे. पण एका निकालावरून माणूस जोखता येत नाही, निदान फुटबॉलमध्ये तरी नाही. कबड्डीत दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण होतात, तिथे एखादी चढाई फसली तरी ती भरून निघते. फुटबॉलमध्ये मॅचला सरासरी अडीच-पावणेतीन गोल. समजा, एका संघाची ताकद मॅचला दीड गोलाची आणि दुसऱ्याची एका गोलाची. गणित मांडलं तर ताकदीचा संघ जेमतेम निम्म्या मॅच जिंकतो. चारातली एक बरोबरीत सुटते आणि चारातली एक तो हरतो. कोचने सगळं बरोबर केलं तरी हरतो.

भारतीय संघाचे कोच म्हणून खालिद जमील यांचंच बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये काफा नेशन्स कपला, म्हणजे मध्य आशियातल्या स्पर्धेत, ओमानशी १-१, मग शूटआउटला ३-२ ने जिंकलो, तिसरा क्रमांक. सगळीकडे एकच सूर, भारतीय कोचच पाहिजे होता. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो, आशिया कपची वाट बंद झाली, आणि लगेच "यांना काढा" सुरू. पाच-सहा आठवड्यांत त्या माणसाचं फुटबॉलचं ज्ञान कमी झालं का?

धुळे_आखाडा

भाऊ, माले हाई पटनं नही. मी तालमीत वाढलेला माणूस. पाठ टेकली की टेकली, तिथे माती मऊ होती म्हणून कोणी सांगत नाही. नशिबाचं नाव एकदा घेतलं की सराव कमी पडला, डाव चुकला, सगळं त्याच्याखाली झाकलं जातं.

आणि जमील यांचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. २०१६ मध्ये मुंबई एफसीचं आणि त्यांचं नातं संपलं. ते मिझोरामच्या ऐझॉलला गेले, म्हणजे अशा क्लबकडे, जो आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून खाली उतरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतला गेला. इथपर्यंत नशीब, मान्य. पुढचं बघा. जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही त्यांच्या ओळखीची मुंबईची पोरं. मधल्या फळीत सीरियाचा अल आमना. मोठ्या क्लबांसमोर चिल्लर बजेट. २०१६-१७ च्या मोसमात १८ मॅचमध्ये ३७ पॉइंट, मोहन बागान ३६. २२ एप्रिलला बागानविरुद्ध ८३ व्या मिनिटाला कॉर्नरवर झोहमिंगलियाना राल्टेचं हेडर, १-० आणि विजेतेपद हातात आल्यासारखंच. कॉर्नर वर्षभर घासल्याशिवाय ८३ व्या मिनिटाला जमत नाही. आणि त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली उतरली. जो माणूस गेला, त्याच्याबरोबर कसब गेलं. याला नशीब म्हणता?

रावेर_बागायत

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण धुळेकर भाऊ, तुम्ही जमील यांची पुढची वर्षं गाळलीत. २०१७-१८ ला ते ईस्ट बंगालला गेले, चौथे आले. २०२१ मध्ये इंडियन सुपर लीगमधली गुवाहाटीची नॉर्थईस्ट युनायटेड मोसमाच्या मध्यात हाती घेतली, साखळीतली उरलेली एकही मॅच हरले नाहीत, संघ सेमीफायनलला. पुढच्या मोसमात तोच क्लब, तेच कोच, अकरा संघांत दहावे. मग जमशेदपूर, २०२४-२५ ला पाचवे आणि परत सेमीफायनल. कसब तेच होतं आणि फळ दरवर्षी वेगळं आलं. एकच मोसम उचलला तर ऐझॉलवाला म्हणेल देव आहे, गुवाहाटीवाला म्हणेल काही येत नाही.

मी केळीवाला. वादळ कोणाच्या बागेवर येईल ते माझ्या हातात नाही. वारा अडवायला बागेभोवती शेवरीची झाडं लावायची की नाही, ते माझ्या हातात आहे. गेल्या वादळात माझी झाडं पडलीच, पण शेजारच्या उघड्या बागेत पडली त्याच्या निम्मीही नाहीत. व्यापारी मात्र घड मोजतो, शेवरी मोजत नाही. तुमची कमिटीही तेच करते आहे.

इंग्लंडच्या लेस्टर क्लबची गोष्ट सगळे नशिबाची म्हणून सांगतात. २०१५-१६ ला सट्टेबाजांचा ५०००ला १ असा भाव असताना प्रीमियर लीग जिंकले. त्या वर्षी त्यांना दुखापती फार कमी झाल्या, हे खरंच नशीब. पण वार्डीला २०१२ मध्ये पाचव्या दर्जाच्या लीगमधल्या फ्लीटवुडहून आणणं, माहरेझला फ्रान्सच्या दुसऱ्या लीगमधून आणणं, कांतेला फ्रान्सच्याच कां (Caen) क्लबमधून आणणं, यात नजर होती. कांते पुढच्या वर्षी चेल्सीला गेला आणि चेल्सी चॅम्पियन झाली. लेस्टर बारावे, आणि कोच रानिएरींना फेब्रुवारीतच घरी पाठवलं होतं. जिंकल्यावर नऊ महिन्यांत!

जळगाव_स्टेशनरोड

मांडव घालायची परवानगी कोणी दिली? कमिटीने. खड्डा तसाच कोणी ठेवला? कमिटीने. मग काढायचं कोणाला?

नंदुरबार_क्रीडाशिक्षिका

कोचवर सगळे बोलता आहात. मला खेळाडू निवडीबद्दल बोलायचं आहे, कारण नशीब तिथूनच सुरू होतं आणि आपण त्याला कसब म्हणतो.

वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली की जानेवारीत जन्मलेली मुलगी डिसेंबरवालीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी वर्षभराचा फरक म्हणजे उंची, धाव, ताकद सगळंच. मोठी दिसते ती निवडली जाते, तिला सराव मिळतो, बूट मिळतात, आणि दोन वर्षांनी ती खरोखरच चांगली खेळते. मग आपण म्हणतो, बघा, आमची नजर! युरोपातल्या मोठ्या अकादम्यांतही वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं संख्येने जास्त असतात, हे वारंवार दिसून आलेलं आहे.

आमच्याकडे तर आणखी गुंता. अक्कलकुवा-धडगावकडच्या कितीतरी मुलींच्या दाखल्यावर १ जून, कारण शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली गेली. खरं वय कोणालाच माहीत नाही. एका मुलीला मी पहिल्या वर्षी वगळलं होतं. बारीक, धक्का लागला की पडायची. पण बॉल येण्याआधी ती मान वळवून मागे बघायची. दर वेळी. ते कोणी शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते लक्षात आलं तेव्हा तिला घेतलं. अशा किती जणी मी घालवल्या असतील, याचा विचार आला की झोप लागत नाही.

धुळे_आखाडा

ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. तालमीतही वस्ताद पोराची पकड बघतात, अंग नंतर भरतं.

पण भुसावळकर, तुमच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. बॉक्सच्या आतून अकरा शॉट आणि एकच आत. याला नशीब कसं म्हणू? शॉट मारणं म्हणजे गोल करणं नव्हे. शेवटचा स्पर्श हाही सरावाचाच भाग, आणि तो घेणं कोचचं काम. शिवाय शूटआउट. पेनल्टी कोणी मारायची हे आधी ठरलं होतं का? त्याचा सराव झाला होता का? नसेल झाला तर मी कमिटीच्या बाजूने.

भुसावळ_१०

प्रश्न रास्त आहे, म्हणून वही काढून बसलो. अकरापैकी चार शॉट अडचणीच्या कोनातून, पाठीवर डिफेंडर असताना. ते मोजायला नको होते, माझी चूक. उरले सात. सातात एक आत ही फार वाईट गोष्ट नाही, आणि समोरच्या गोलीने दोन अफलातून अडवले.

पेनल्टीचा सराव दर गुरुवारी, प्रॅक्टिस संपल्यावर, पाय थकलेले असताना. सर मुद्दाम थकलेल्या पायांनी मारायला लावायचे. क्रम आठवडाभर आधी ठरलेला. ज्याचा चुकला तो आमचा सगळ्यात भरवशाचा. व्यावसायिक फुटबॉलमध्येही चारातली एक पेनल्टी जवळपास वाया जातेच, तिथे आमच्या सतरा वर्षांच्या पोराचं काय धरायचं? मॅचनंतर तो बूट न काढता गोलपोस्टला टेकून बसला होता, आणि सर त्याच्या शेजारी मातीत बसले होते. कमिटीतलं कोणी मैदानात उतरलं नाही.

धुळेकर, निकाल मोजायचाच, पण निदान पूर्ण मोसमाचा. आमच्या नऊ मॅच झाल्या. प्रत्येकीत बॉक्समधून आम्ही किती मारले, किती खाल्ले, कोण नवीन पोरगा आत आला, सगळं वहीत आहे. त्यात सरांच्या विरोधात जाणाऱ्या दोन मॅचही आहेत, त्याही दाखवीन. रविवारी सकाळी दहाला कमिटीची बैठक आहे. मी बोलायला वेळ मागितला आहे.

धुळे_आखाडा

पॅसेंजरने येतो. वही मी स्वतः बघणार. त्या दोन मॅच आधी.