‘७४ वी हायलँडर्स’मध्ये भरती व्हावं का? (पलटण खेळातली, अडगाव खरं)

तर्रीवाला
हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्या. वय चौतीस, नोकरी नागपूरच्या मिहान औद्योगिक पट्ट्यात, आणि गेले तीन आठवडे मी एका स्कॉटिश पलटणीत उमेदवार आहे.

खेळ आहे ‘होल्डफास्ट : नेशन्स ॲट वॉर’. नेपोलियनचा काळ, एका मैदानात दीडशेच्या आसपास खेळाडू. एरवी तिथे नुसती धावपळ आणि आरडाओरडा असतो. पण काही गट खऱ्या जुन्या पलटणींच्या नमुन्यावर चालतात. हुद्दे, कवायत, हजेरीपट, सगळं. आमचा गट ७४ व्या हायलँडर्सच्या नावाने आहे. बुधवारी कवायत, रविवारी लढाई. खांद्याला खांदा लावून रांगेत चालायचं. हुकूम आल्याशिवाय चापावरचं बोट हलवायचं नाही. रांग सोडून गोळी झाडली तर पंच जागेवरच मारून टाकतो, आणि एकदा मेलात की फेरी संपेपर्यंत बघत बसायचं.

पहिल्या दिवशी मला हे सगळं बावळटपणाचं वाटलं. मग कळलं की त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, शंभर पावलांपलीकडे नेमाची खात्री नाही, पुन्हा भरायला पंधरा-वीस सेकंद. एकट्याची गोळी वाऱ्यावर जाते, चाळीस जणांची एकदम सुटली तर समोरची रांग बसते. हे वाचून कळणं वेगळं आणि धुरात उभं राहून कळणं वेगळं. खोटं कशाला बोलू, लय मजा येऊन राहिली होती.

आता सार्जंट म्हणतो, फॉर्म भर, पक्का शिपाई हो, नावाआधी पलटणीचा आकडा लाव. त्या निमित्ताने ७४ वीचा इतिहास काढला. १७८७ मध्ये हिंदुस्थानात लढण्यासाठीच उभी केलेली पलटण. २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई, समोर शिंदे-भोसले. २९ नोव्हेंबर १८०३, अडगाव. समोर नागपूरकर भोसल्यांची फौज, पुढारी नागपूरच्या राजे रघूजींचे भाऊ व्यंकोजी.

माझं आजोळ अकोटचं. अडगाव तिथून जवळच. लहानपणी त्या रस्त्याने संत्री खात गेलोय.

तर, भरती व्हावं का?

वऱ्हाडी_मिरची
नाही. याला धागा कशाला पाहिजे?

अडगावनंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ ला भोसल्यांचा कंपनीशी देवगावचा तह. कटक गेलं, बालासोर गेलं, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला. तुझं आजोळ एका सहीत दुसऱ्याच्या मुलखात गेलं, भाऊ. आणि ज्यांनी घालवलं त्यांचा लाल डगला तू हौसेने अंगावर घालून राहिला.

फुटाळा_रात्री
खेळ आहे ना बे! गल्लीत चोर-पोलीस खेळताना ‘मी चोर होणार नाही’ असं सगळ्यांनीच म्हटलं असतं तर खेळ झाला असता का?

वऱ्हाडी_मिरची
चोर-पोलिसात राज्य बदलतं. आज तू चोर, उद्या मी. इथे तर नावाआधी कायमचा आकडा लावायचाय. गल्लीतल्या कोणत्या पोट्ट्याने नाव बदलून ‘चोर अमुकतमुक’ केलं होतं?

धंतोलीकर
दोघांनाही थोडं थांबवतो.

‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातली रेघ वाटते तेवढी सरळ नाही. आपल्या सीताबर्डीचंच घ्या. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने लढले ते मुख्यतः मद्रासी शिपाई. खाली अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने सगळ्यात चिवट लढले ते अरब. असईला शिंद्यांच्या कवायती कंपूंचा (म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पायदळाचा) मुख्य अधिकारी पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. म्हणजे रांगेत उभं राहून एकदम बार काढणं ही काही फक्त साहेबाची मालमत्ता नव्हती. पैसे मोजून आपल्या सरदारांनी ती विद्या विकत घेतली होती. तर्रीवाल्यांना कवायत आवडली यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

(‘पलटण’ हा शब्दही साहेबाकडूनच आलाय, पण तो विषय काढला की माझी बायको उठून जाते.)

वऱ्हाडी_मिरची
रेघ वाकडी असेल. देवगावला काय गेलं आणि कोणाचं गेलं, ते मात्र सरळ आहे.

महालची_सून
तुमचं १८०३ चालू द्या, मी घरातलं बोलते. तिकडच्या, मध्य युरोपातल्या रात्रीच्या आठला हे लोक खेळतात ना? गेल्या महिन्याच्या शेवटी हिवाळ्यासाठी त्यांची घड्याळं तासाने मागे गेली. म्हणजे आता आपल्याकडे रात्रीचे साडेबारा.

माझा दीर असाच एका पलटणीत होता. कोणती ते विचारू नका, सगळ्या सारख्याच. घरात ‘पाण्याचा माठ भरून ठेव’ म्हटलं तर ऐकू यायचं नाही. कानातून कोणी अनोळखी पोरगा ‘अटेन्शन’ ओरडला की हा खुर्चीत ताठ! एकदा मामंजींची सकाळची गाडी होती, स्टेशनवर सोडायचं कबूल केलं होतं. उठलाच नाही. विचारलं तर म्हणे रात्री हजेरी होती.

घरातली हजेरी कोण घेणार, तेवढं सांगा.

फुटाळा_रात्री
वहिनी, तुमच्या दिराची बाजू कोणीतरी घ्यायला पाहिजे म्हणून लिहितो.

मी पाच वर्षं एका प्रशियन पलटणीत होतो, कॉर्पोरलपर्यंत चढलो. मी मराठी शाळेतला. कॉलेजात इंग्रजीत तोंड उघडायला भ्यायचो. तिथे वीस जणांना हुकूम द्यायची पाळी आली तेव्हा उघडावंच लागलं. चुकलो तर रांग मरायची, व्याकरणाकडे कोणी पाहत नव्हतं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी घाबरलो नाही ते त्यामुळे. आईला अजून वाटतं की तो चार हजारांचा क्लास कामी आला.

सोडलं का, तेही सांगतो. नवा अधिकारी आला, वय एकोणीस. दोन रविवार चुकले तर हुद्दा काढून घ्यायला लागला. माझ्या बहिणीचं लग्न होतं, तसं कळवलंही होतं. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. पगार नाही, पेन्शन नाही, गैरहजेरी मात्र कापतात! त्या रात्री गेम काढून टाकला.

तरी तर्रीवाल्याला म्हणतो, जा. फक्त अधिकारी कोण आहे ते आधी बघ.

कामठी_हवालदार
मी फौजेत काढली तेवढी वर्षं काढून आता कामठीत घर बांधून राहतो. गार्ड्सच्या केंद्रातला बिगुल सकाळी घरात ऐकू येतो. नातवाने हा धागा दाखवला.

डगल्याच्या रंगाचं मला फारसं काही वाटत नाही. खटकलं ते दुसरंच. तर्रीवाले लिहितात की हुकूम मिळाल्याशिवाय बोट हलवायचं नाही आणि त्यात मजा येते. येणारच. हुकूम मानणं सोपं असतं. हुकूम चुकीचा निघाला तर काय होतं, ते तुमच्याच ७४ वीने असईला पाहिलंय. उजव्या अंगाला पुढे ओरॉक नावाचा अधिकारी पिकेटं (पहाऱ्याच्या तुकड्या) घेऊन चालला होता. त्याची दिशा चुकली आणि तो थेट असई गावाच्या रोखाने गेला. तिथे तोफा ठासून ठेवलेल्या. मागची ७४ वी त्याच्या मागोमाग गेली. निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं पडली, अधिकारी तर जवळजवळ सगळेच मेले नाहीतर जखमी झाले. कवायत चोख होती. म्हणूनच तर गेले.

खेळात पुढच्या फेरीला सगळे उठून उभे राहतात. ती मजा मी नाकारत नाही. पण पलटणीचं नाव घ्यायचं तर ही गोष्टही घ्यावी लागते.

आणि मिरचीताईंसाठी. आपल्या सैन्यात कंपनीच्या काळात उभ्या राहिलेल्या पलटणी आजही आहेत. त्यांची परंपरा आपण टाकून दिली नाही. पण हा देश जिंकताना त्यांना मिळालेले जुने युद्धसन्मान आता साजरे होत नाहीत. शिस्त ठेवली, ते सोहळे बंद केले. मला ते बरोबर वाटतं. तुमच्या गटाने काय ठेवलंय आणि काय सोडलंय? असईबद्दल ७४ वीच्या निशाणावर हत्ती आला. तो हत्ती कुठला, हे त्या पोरांना विचारा. उत्तर काय येतं त्यावर ठरवा.

धंतोलीकर
हवालदारसाहेब, हे अगदी नेमकं. फक्त एक पुरवणी, हत्तीचा मान ७८ व्या हायलँडर्सना आणि १९ व्या ड्रॅगून्स या घोडदळालाही…

महालची_सून
झालं! वहिनी उठून गेल्या का?

तर्रीवाला
हवालदार काका, नमस्कार. तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

खरं सांगतो. अडगावचं कळल्यावर राग यायला पाहिजे होता, तो फारसा आलाच नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. दिवसभर ऑफिसात मी निर्णय घेतो. हा रिलीज करायचा की नाही, त्याला सुट्टी द्यायची की नाही. चुकलं की मेल माझ्या नावाने येतो. बुधवारी रात्री कोणी माझं मत विचारत नाही. डावीकडे वळ, वळलो. थांब, थांबलो. एवढ्यासाठी मी जागतो. ओरॉकच्या मागे मीही गेलो असतो, आणि वर मजा आली म्हणालो असतो.

वऱ्हाडी_मिरची
हे प्रामाणिक आहे, म्हणून आता कमी तिखट बोलते. रांगच पाहिजे ना? मग आपली उभी कर. नागपूरकर भोसल्यांची फौज. नागपूर-अमरावती-अकोल्याची पोरं जमतील. वेळही आपली, रात्री नऊ.

फुटाळा_रात्री
मिरची, त्या खेळात ब्रिटिश आहेत, फ्रेंच आहेत, प्रशियन आहेत. भोसले नाहीत, शिंदे नाहीत. कोणाचा तरी डगला उसना घ्यावाच लागेल.

आणि समज, केलीच. पहिल्या आठवड्यात तीस जण येतील. दुसऱ्या आठवड्यात तिसाच्या तीस जणांना सेनासाहेब सुभा, म्हणजे खुद्द भोसले राजे व्हायचं असेल. रांगेत उभं कोण राहणार, तू?

वऱ्हाडी_मिरची
राहीन ना. तू हुकूम देणार नसशील तर.

कामठी_हवालदार
😀 ताईंना घ्या. उंचीप्रमाणे उभ्या करा.

तर्रीवाला
शनिवार रात्रीचा निरोप. सार्जंटला विचारलं. तो पोलंडचा, गोदामात रात्रपाळी करतो. हत्ती कुठला ते त्याला माहीत होतं. असईचा नकाशा पाठ होता, ओरॉकही माहीत होता, अगदी पिकेटं कुठून वळली तेसुद्धा. मी म्हणालो, अडगाव माझ्या आईच्या गावाजवळ आहे, तिथे अजून कापूस आणि संत्र्याचे बगीचे आहेत. तो बराच वेळ गप्प. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाला, तिथे कोणी राहत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी लढाईआधी सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोल म्हणालाय. समोरच्या बाजूचं. फॉर्म अजून भरलेला नाही.

महालची_सून
रविवारी म्हणजे आपल्या सोमवारी साडेबाराला. सकाळी ऑफिस आहे ना?

तर्रीवाला
अर्धी सुट्टी टाकली, वहिनी.

वऱ्हाडी_मिरची
पाच मिनिटांत काय सांगायचं ते सांग. फक्त त्यांच्यासारखं ‘आर्गॉम’ म्हणू नको. अडगाव म्हण. त्यांना ‘ड’ जमला नाही तर पुन्हा म्हणायला लाव, कवायतच तर आहे.