मदत हवी आहे: आईच्या अँजिओग्राफीत ७५ टक्के ब्लॉकेज, डॉक्टर म्हणतात आधी गोळ्या, भाऊ म्हणतो स्टेंट

सांजवेळ

नमस्कार मंडळी, घाईघाईत टाइप करतेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

आई ६३ वर्षांची, शुगर खूप वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. गेले काही महिने जिना चढला किंवा जरा भरभर चालली की तिचा जबडा आवळून येतो, छातीत दुखतं का विचारलं तर म्हणते दुखत नाही गं, कुणीतरी तळहाताने दाबतंय असं वाटतं, आणि दम लागतो. थांबली की दोन-चार मिनिटांत सगळं गायब. दाताच्या डॉक्टरांनी बघून दात ठणठणीत आहेत म्हणून परत पाठवलं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल (ईएफ म्हणजे हृदयाचं पंपिंग ६० टक्के), पण स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली, त्यात हृदयाच्या उजव्या रक्तनळीत ७५ टक्के ब्लॉकेज आणि बाकी नळ्यांत किरकोळ असं निघालं.

आता डॉक्टर म्हणताहेत पंपिंग चांगलंय, मुख्य नळी मोकळी आहे, आधी औषधं नीट देऊन बघू, त्रास राहिलाच तर स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी). ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची, स्टॅटिन प्रकारातली गोळी), मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके कमी करणारी) दिलंय आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट जवळ ठेवायला सांगितलीय. भावाचं म्हणणं, पाइप पाऊण चोंदलाय तर साफ करायचा सोडून गोळ्या कसल्या देताय. घरात रोज यावरून वाजतंय.

मला कळत नाहीये की ईसीजी आणि इको नॉर्मल असताना एवढं ब्लॉकेज कसं काय, गोळ्यांवर थांबणं म्हणजे वेळ घालवणं आहे का, आणि कुठल्या क्षणी सरळ उचलून हॉस्पिटल गाठायचं. आई काहीही झालं तरी गॅस म्हणते त्यामुळे तिच्या सांगण्यावर जाता येत नाही. आणि तिने चालायला जावं का बसून राहावं? भाऊ तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीये.

रातकिडा

ईसीजीचं सांगतो, वडिलांच्या वेळी हेच झालेलं. साधा ईसीजी म्हणजे तुम्ही आडवे पडलेले असताना हृदयाची काही सेकंदांची नोंद. निवांत पडलेल्या माणसाच्या हृदयाला अरुंद नळीतूनही पुरेसं रक्त मिळतं, मग ईसीजीत दिसणार काय? जिना चढताना मागणी वाढते, पुरवठा तेवढा वाढत नाही, तेव्हा जबडा आवळतो. स्ट्रेस टेस्टमध्ये तेच मुद्दाम घडवून आणतात. इको नॉर्मल आहे ही तर चांगली बातमी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला अजून इजा झालेली नाही.

बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळणं नसतं बऱ्याचदा. जबडा, पाठ, खांदा, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, नुसता दम, नुसता थकवा, मळमळ, काहीही. तुमच्या आईंचं अगदी टिपिकल वाटतंय, चाललं की येतं आणि थांबलं की जातं.

खडूस

माझ्या काकांना असंच गोळ्यांवर ठेवलं होतं, अटॅक आला. सरळ स्टेंट टाका आणि मोकळे व्हा, कसले प्रश्न विचारत बसताय.

फिजिशियन

खडूस, काकांचं वाईट वाटलं, पण त्यावरून सगळ्यांना स्टेंट लावता येत नाही.

सांजवेळ ताई, मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे, आणि तुमच्या आईंच्या अँजिओग्राफीची सीडी मी पाहिलेली नाही, हे गृहीत धरून वाचा. ज्यांचा त्रास स्थिर आहे म्हणजे ठराविक श्रमानेच येतो त्यांच्यावर याच प्रश्नाचा मोठा अभ्यास झालाय, इस्केमिया ट्रायल, २०२० मध्ये छापून आला, ५१७९ पेशंट होते. निम्म्यांना औषधं आणि सोबत लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास, बाकीच्यांना आधी फक्त औषधं. मृत्यू आणि अटॅक यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. २००७ च्या करेज ट्रायलचा सूरही तोच होता. स्टेंटवाल्यांचा छातीचा त्रास मात्र जास्त कमी झाला, विशेषतः ज्यांना वारंवार होत होता त्यांचा.

यामागचं कारण भावाला नीट समजावा, कारण पाइपचं उदाहरण इथेच फसतं. बरेचसे अटॅक नळी हळूहळू बुजत जाऊन येत नाहीत. नळीच्या भिंतीतला चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत नळी बंद होते. फुटणारा थर ७५ टक्केवालाच असेल असं नाही, रिपोर्टात किरकोळ म्हणून लिहिलेलाही असू शकतो. स्टेंट बसतो तेवढ्याच जागी. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन सगळ्या नळ्यांसाठी काम करतात, त्यामुळे स्टेंट टाकला तरी या गोळ्या सुटत नाहीतच, उलट रक्त पातळ करणारी आणखी एक वाढते आणि ती काही महिने एकही दिवस चुकवून चालत नाही.

आता हे कुणाला लागू नाही ते पण सांगतो. डाव्या मुख्य नळीत ब्लॉकेज असेल, पंपिंग खूप कमी असेल, नुकताच अटॅक येऊन गेला असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल तर हिशोब वेगळा. शुगर आणि दोन-तीन नळ्यांत मोठं ब्लॉकेज असेल तर बायपासचा विचार करतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून आई यातल्या कशात बसत नाहीत, तरी हे मुद्दे डॉक्टरांना एकेक करून विचारा, चांगला डॉक्टर चिडणार नाही.

हसरा

एक मेसेज फिरतोय की अटॅक आला की जोरजोरात खोकत राहायचं, माणूस वाचतो. आईंना शिकवून ठेवा.

रातकिडा

हसरा भाऊ, तो मेसेज डिलीट मारा. घरी खोकत बसून अटॅक थांबत नाही, फक्त वेळ जातो, आणि बंद नळी जितक्या लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो.

सांजवेळ

खूप आभार सगळ्यांचे, फिजिशियन सर तुमचा प्रतिसाद भावाला मोठ्याने वाचून दाखवला, तो गप्प झालाय पण पटलंय असं वाटत नाही. आज फोनवर डॉक्टरांना विचारलं, डावी मुख्य नळी मोकळीच आहे.

सॉर्बिट्रेटचं जरा नीट सांगाल का? आई ती पर्सच्या तळाला टाकून ठेवते आणि म्हणते अगदी शेवटी घेईन. आणि मावशीने तिच्या डोक्यात भरवलंय की कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखतं आणि लिव्हर जातं, त्यामुळे ती गोळी काढून ठेवतेय असा मला संशय आहे.

फिजिशियन

सॉर्बिट्रेट शेवटी घ्यायची नसते, आवळायला लागून थांबल्यावरही गेलं नाही की घ्यायची. बसून घ्यायची, उभ्याने नाही, बीपी उतरून चक्कर येऊ शकते. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. डोकं जड होईल, घाबरायचं नाही. ५ मिनिटांत आराम पडला नाही किंवा वाढतच गेलं तर अँब्युलन्स, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. वाट बघताना, ॲलर्जी नसेल, कुठे रक्तस्राव होत नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून घेतात, पण हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या, ऐनवेळी कुणाला आठवत नाही. गोळीची एक्स्पायरी बघत जा. (आईंचा प्रश्न नाही, पण पुरुष वाचकांसाठी: सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताठरतेसाठीची) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, बीपी धोकादायक खाली जातं, आणि हॉस्पिटलात ते लाज न बाळगता सांगायचं.)

गॅस की हृदय यात आईंशी वाद घालू नका, बदल पकडा. आधी दोन जिन्यांना व्हायचं ते आता एकाला होतंय, आठवड्यातून होणारं रोज होतंय, बसल्या जागी किंवा झोपेतून उठवतंय, जायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी हॉस्पिटल. सोबत घाम, उलटी, खूप दम असेल तर एक मिनिटही थांबू नका. उलट बोटाने दाखवता येईल अशी टोचणारी कळ, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढणारी, ती बहुधा हृदयाची नसते, पण शुगर असताना शंका आली की मी हृदयाचंच धरून चालतो.

स्टॅटिनबद्दल मावशींना सांगा, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या लोकांवर सॅमसन नावाची ट्रायल झाली, छोटी होती, ६० जणांची, २०२० ची. कुठली ते न सांगता कधी खरी गोळी कधी खोटी (औषध नसलेली) गोळी दिली, तर जो त्रास होत होता त्यातला सुमारे ९० टक्के खोट्या गोळीनेही झाला. खरंच स्नायू खूप दुखले किंवा लघवी गडद झाली तर डॉक्टरांना दाखवायचं, डोस किंवा औषध बदलता येतं. लिव्हरला गंभीर इजा फार विरळ. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबवायची नाही, गोळीमुळेच नॉर्मल आलाय तो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली तर हवंच, युरोपातल्या २०१९ च्या मार्गदर्शनात अशा पेशंटना ५५ च्या खाली म्हटलंय.

मेटोप्रोलॉल मनाने अचानक बंद करू नका. शुगर उतरली की होणारी धडधड या गोळीने लपते, घाम मात्र येतो, त्यामुळे घाम आला की शुगरही तपासा.

पाऊलवाट

चालण्याबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी मुद्दाम चालायला लावलं होतं. सपाट रस्ता, पहिली काही मिनिटं अगदी रमत, जेवल्या जेवल्या नाही, गार वाऱ्यात नाही, आवळायला लागलं की थांबायचं, आणि सॉर्बिट्रेट पर्सच्या तळाला नाही तर खिशात. हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं म्हणतात पण सुरुवात किती करायची ते डॉक्टरांना विचार. भावाला सांग, बसवून ठेवलंस तर शुगर, वजन आणि मूड तिन्ही बिघडतील.

बाय द वे, तुझ्या आईला गुडघेदुखी आहे का? त्यासाठी काही घेते का?

सांजवेळ

हो आहे ना, जास्त दुखलं की डायक्लोफेनॅक घेते स्वतःच, घरात स्ट्रिप असतेच. का गं?

फिजिशियन

पाऊलवाट, बरं विचारलंत. ताई, ती स्ट्रिप आजच बाजूला करा. हृदयाच्या नळ्यांचा आजार असलेल्यांनी डायक्लोफेनॅक घ्यायचं नसतं, अटॅकचा धोका वाढतो, आणि ॲस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव व्हायची भीती. आयब्युप्रोफेनही स्वतःहून नको. दुखलंच तर पॅरासिटामॉल चालेल, आणि पुढच्या व्हिजिटला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा, ही पण.

सांजवेळ

काढली. स्टॅटिनची पण स्ट्रिप मोजली आत्ता, तीन गोळ्या जास्त आहेत. संध्याकाळी मावशीला फोन करते.