पेस्ट्रीतलं ब्री फुटतं ते का
एका वाचकाने विचारलंय की पफ पेस्ट्रीत गुंडाळलेलं ब्री (पांढऱ्या सालीचं मऊ फ्रेंच चीज) ओव्हनमध्येच फुटून ट्रेभर का पसरलं. बहुतेक वेळा चीज पुरेसं गार नसतं. पेस्ट्री फुलून कडक व्हायच्या आत ते वितळतं आणि जिथे सांधा कच्चा असेल तिथून वाट काढतं. १२५ ग्रॅमची चकती गुंडाळण्याआधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, गुंडाळल्यावर पुन्हा २० मिनिटं फ्रिजमध्ये. पांढरी साल काढू नका. ती खाता येते आणि चीजला तीच धरून ठेवते.

ठाण्याच्या दमट हवेत ओट्यावर ठेवलेली पेस्ट्री बघता बघता लिबलिबीत होते. आतलं लोणी वितळलं की पदर सुटतच नाहीत. म्हणून फ्रोझन शीट रात्रभर फ्रिजमध्येच नरम होऊ द्या. सांध्याला पाण्याचं बोट लावा, जास्तीची पेस्ट्री कापून टाका (जाड घडी आतून कच्ची राहते), सांध्याची बाजू खाली ठेवा, वरून दूध लावा. ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) २०० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं आधी तापवायचा, मग दोन्ही रॉड चालू ठेवून सुमारे २५ मिनिटं. रंग लवकर आला तर वर फॉइल झाका.

आत मध नको, तो पातळ होऊन तळ ओला करतो. चमचाभर घट्ट साखरांबा आणि भाजलेले अक्रोड फार छान लागतात.

बाहेर काढल्यावर १० मिनिटं सुरी लावू नका. आणि पाहुणे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असताना भाजून ठेवू नका, ते घरात आल्यावरच ओव्हनमध्ये घाला. गार झालेलं ब्री पुन्हा तापवलं की तेल सोडतं.